न्यूझीलंडच्या रोटोरुआला गेलेल्यांनो, अनुभव लिहा

मृण्मयी_क
काल कपाट आवरताना लेकीचे लहानपणीचे पैंजण सापडले. काळेठिक्कर! तिथल्या गंधकाच्या हवेचा प्रताप. बस गावात शिरली आणि तो वास आला तेव्हा सासूबाई आमच्याकडे एकेक करून संशयाने बघायला लागल्या होत्या.
पण आठवतो तो तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा स्वागताचा कार्यक्रम. पाहुण्यांचा प्रमुख म्हणून नेमकं सासऱ्यांना पुढे केलं. योद्धा भाला फिरवत, डोळे वटारत आला, पुढ्यात पान टाकलं. ते नजर न हटवता उचलायचं असतं. बाबांनी गुडघा धरत उचललं. मग नाकाला नाक, कपाळाला कपाळ. हे रीतसर आटपून वर वाकून नमस्कारही केला. सभागृहात चपला काढून जायचं म्हटल्यावर तर त्यांना घरीच आल्यासारखं वाटलं.
तुमचंही येऊ द्या.

पोटोबा
हांगी!! जमिनीत पुरून शिजवलेलं माओरी जेवण. आमची संकष्टी होती, बायकोने नुसतं रताळं खाल्लं. शाकाहारी असाल तर आधी कळवा, एरवी मांसाबरोबरच शिजतं.

टिवल्याबावल्या
रताळं खाऊन गंधकाच्या गावात. कोणावर आळ घेणार?

नीलाक्षी
आम्ही फाकारेवारेवा या माओरी गावात गेलो होतो, तिथे अजून वस्ती आहे. लोक उकळत्या कुंडात मका शिजवतात, मुलं पुलाखालच्या पाण्यात नाण्यांसाठी उड्या मारतात. थडगी जमिनीच्या वर बांधलेली, कारण खाली खणलं तर वाफ. मुलगा एकदम गप्प झाला ते बघून. कोणाच्या तरी अंगणात उभं राहून आपण फोटो काढत होतो, मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

सह्यवेडा
वायओटापूचा लेडी नॉक्स (गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं) रोज सव्वादहाला साबण टाकून उडवतात. म्हणे 1901 मध्ये कैदी तिथे कपडे धूत होते, तेव्हा हा शोध लागला. मला ते जरा सर्कशीसारखं वाटलं. पोहुतू बघा, आपल्या मर्जीने उडतो, 30 मीटरपर्यंत.

ऑकलंडकर
+1. पोहुतू वाचला तो 1987 मुळे. गावकऱ्यांनी घरं तापवायला इतक्या विहिरी पाडल्या होत्या की कारंजी मंदावली. सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बंद करायला लावल्या. तेव्हा भांडणं झाली, पण कारंजी सावरली.
तारावेरा ज्वालामुखी कोणी केला का? 10 जून 1886 च्या उद्रेकात तिथल्या गुलाबी-पांढऱ्या नैसर्गिक दगडी पायऱ्या गेल्या, 'ते वैरोआ' नावाचं गाव गाडलं गेलं. सोफिया नावाच्या माओरी गाइडच्या घरात आसरा घेतलेले वाचले.

अनघा७८
मुलाने परत आल्यावर लिफ्टमध्ये 'हाका' हा माओरी युद्धनाच केला. जीभ बाहेर काढून. समोर सोसायटीचे सेक्रेटरी 🤦‍♀️

मृण्मयी_क
@अनघा७८ 😂😂 मेंटेनन्स थकला होता का?

पोटोबा
आपल्या गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात हल्ली कोणी गेलंय का? आईला न्यायचंय, रविवारी गर्दी असते का?

सह्यवेडा
रविवारी नकोच. उन्हवरे बघा, दापोलीकडून. कुकर झालाय, नंतर लिहितो.