नोकरीची तारीख सात आठवड्यांवर आली आहे, मला आधी फिरायचंय. काय करू?

उंबरठा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

पदवीचा शेवटचा पेपर परवा झाला. हातात ऑफर लेटर आहे, जॉइनिंग १५ जुलैला. नोकरी चांगली आहे, माझ्याच विषयातली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिकवण्या आणि इंटर्नशिप यांतून साठवलेले थोडे पैसेही आहेत. काटकसरीने राहिले तर पाच महिने पुरतील. हा हिशोब मी चार वेळा मांडलाय, दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं, पण पाचच्या आसपासच.

बेत असा: हनोईहून रेल्वेने हो चि मिन्ह सिटीपर्यंत. १,७२६ किलोमीटर, एका दमात नाही, उतरत उतरत. मग बसने कंबोडिया, तिथून लाओस. दोन वर्षं हा नकाशा वहीच्या मागच्या पानावर आहे.

भीती दोन्हीकडून वाटते. आत्ता कामाला लागले तर कधीच जाणार नाही, आणि आत्ता गेले तर बरोबरीचे सगळे पुढे निघून जातील. पाच महिन्यांचा गॅप खरंच नडतो का? कंपनीला तारीख पुढे ढकलायला सांगता येतं का, की तसं विचारणंच चुकीचं? आणि "नंतर जाऊ" म्हणणाऱ्यांपैकी कोणी खरंच गेलं का?

घरच्यांचं मत कृपया विचारू नका, ते तुम्हाला न सांगताही कळेल. लिहिते व्हा, आगाऊ धन्यवाद.

जुना_गडी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार सांगतील. मी "नंतर जाऊ" म्हणालो होतो. अकरा वर्षांत सलग मिळालेली सर्वांत मोठी रजा सोळा दिवसांची, तीही स्वतःच्या लग्नात. पैसे कधीच आड आले नाहीत.

भिरभिरं

जा गं, बिनधास्त जा! डार्विन १८३१ साली केंब्रिजमधून पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा पाद्री व्हायचं जवळजवळ ठरलेलं होतं. ऑगस्टअखेर बीगल जहाजावर येण्याबद्दल पत्र आलं. वडील म्हणाले, हा शुद्ध वेळेचा अपव्यय. शेवटी मामाने त्यांची समजूत काढली. दोनेक वर्षांचा म्हणून निघालेला प्रवास जवळपास पाच वर्षं चालला आणि पाद्रीपद राहिलं ते राहिलंच. त्याने आधी नोकरी धरली असती तर?

आकडेमोड

डार्विनला जहाजावर पगार नव्हता, खर्च त्याच वडिलांनी केला. ही बाजू सांगताना नेहमी गळते. असो.

उंबरठा, "सगळे पुढे निघून जातील" याचा हिशोब करून बघ, वाटतो तेवढा भयंकर नाही. समजा चाळीस वर्षं दरसाल सारखीच रक्कम बाजूला टाकली आणि ती वर्षाला ७% ने वाढली. आता सुरुवात एक वर्ष उशिरा केली, तर शेवटची पुंजी सुमारे ७% नी कमी भरते. पाच महिन्यांना साधारण ३%. फुकट नाही, पण आयुष्यभराचं नुकसानही नाही.

खरा धोका वेगळा आहे: तू परत येशील तेव्हा भरती चालू असेल की थंडावलेली. कॅनडातल्या पदवीधरांवरचा एक गाजलेला अभ्यास आहे. मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या कमाईतली तूट भरून निघायला दहा वर्षांच्या आसपास लागली होती. म्हणून हातातली ऑफर सोडून जाणं आणि ऑफर राखून जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि शैक्षणिक कर्ज आहे का? ते तू लिहिलं नाहीस. हप्ता सुरू झाला नसला तरी बऱ्याच कर्जांत व्याज चालूच असतं.

ताकतुंबा

मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते, त्यामुळे गॅपबद्दल थोडं लांबण लावते.

पाच महिन्यांचा गॅप नडत नाही. नडतो तो सांगता न येणारा गॅप. "पदवीनंतर पाच महिने प्रवास केला, अमुक तारखेला परतले" हे एक वाक्य सीव्हीत पुरे. त्यात नेतृत्वगुण, संकटांशी सामना वगैरे भरू नका, वाचणाऱ्याला हसू येतं.

पण दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मुलांना उशिरा कळते. बऱ्याच ठिकाणी फ्रेशर्सची भरती चालू वर्षाच्या, फार तर गेल्या वर्षाच्या बॅचपुरती असते. तो दरवाजा एकदा बंद झाला की तुझी गाठ अनुभव असलेल्यांशी. म्हणून नकार कळवण्याआधी विचार. विचारणं अजिबात चुकीचं नाही, दर वर्षी दोन-तीन जण तरी विचारतातच.

कसं विचारायचं तेही सांगते. "थोडं उशिरा चालेल का" असं मोघम लिहू नकोस, ठरावीक तारीख दे. बहुतेक ठिकाणी नव्या मुलांचं प्रशिक्षण तुकड्यांमध्ये असतं, तेव्हा आधी पुढची तुकडी कधी सुरू होते ते काढ आणि त्या तुकडीत घ्या म्हण. एकट्यासाठी वेगळी तारीख देणं एचआरला कटकटीचं, एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत टाकणं सोपं. कारण खोटं देऊ नकोस. आजारपण तर मुळीच नको, ते कागद पुढे मागतात.

पाऊलवाट

आधी एक विचारते: एकटी जाणार आहेस का? सगळीकडे "मी" लिहिलंयस, पण हिशोब पाच महिन्यांचा आणि रेल्वेत उतरत उतरत जाण्याचा, हा दोघींचा बेत वाटतोय.

आता ऋतूचं. जुलैत निघालीस तर लाओस आणि कंबोडियात भर पावसाळा, तो ऑक्टोबरपर्यंत हलत नाही. व्हिएतनामचा मधला किनारा, म्हणजे हुए, दा नांग, होई आन, उलटा चालतो: जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा आणि कडक उन्हाचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर. तुझ्या नकाशाच्या क्रमाने गेलीस तर निम्म्याहून जास्त दिवस खिडकीतून पाऊस बघशील. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, त्यामुळे तिथे घाई नाही. निघताना पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असू दे, नाहीतर विमानतळावरूनच परत.

पैसे पुरवायला "काम करा, राहायला-जेवायला मिळेल" अशा जागा शोधणार असशील तर जपून. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेलं वूफ तसलंच, शेतावर काही तास राबायचं आणि खाणं-राहणं घ्यायचं. कल्पना छान, पण बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर हेही काम म्हणूनच धरतात.

शेवटचं. "आत्ता नाही तर कधीच नाही" हे तितकंसं खरं नाही. वर्किंग हॉलिडे व्हिसा म्हणून प्रकार असतो, ऑस्ट्रेलियाने १९७५ साली सुरू केला, आता बऱ्याच देशांत आहे. वयाची अट बहुधा १८ ते ३०, काही पासपोर्टांना ३५. तुझ्या पासपोर्टला तो मिळतो का, हे त्या त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघ. म्हणजे प्रवासाचा दरवाजा अजून आठेक वर्षं किलकिला आहे आणि फ्रेशर भरतीचा वर्षभरच. मी तुझ्या जागी असते तर जो आधी बंद होतोय त्यात पाय अडकवला असता.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. कर्ज नाही, ते लिहायचं राहिलं.

पाऊलवाट, बरोबर ओळखलंस. मैत्रीण येणार होती. तिने गेल्या आठवड्यात नोकरी धरली, मला दोन दिवस उशिरा सांगितलं. धागा खरं तर त्या रात्री लिहायला घेतला होता. एकटीने पाच महिने जमतील का, हा प्रश्न मी वर टाळला, कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे. नाही जमणार. दोन महिने जमतील.

एचआरला अजून विचारलंच नव्हतं. आज विचारते.

जुना_गडी

अगं, मग सोळा दिवसांपेक्षा ते कितीतरी बरे!

भिरभिरं

एकटीने गेल्यावरच खरी मजा असते. पण दोन महिनेही चालतील, मी मागे हटतो.

उंबरठा

चार दिवसांनी लिहितेय. ताकतुंबा म्हणाल्या तसंच निघालं, पुढची तुकडी २८ सप्टेंबरला आहे. मेलमध्ये खरं कारण लिहिलं, एका वाक्यात. एचआरच्या बाईंचा फोन आला, "व्हिसा झाला का?" असं त्यांनीच विचारलं. त्यापुढे ऑफर राहणार नाही हेही स्पष्ट सांगितलं.

आता नवा घोळ. जुलै-ऑगस्टचे आठ आठवडे धरले तर लाओस-कंबोडिया कापू का, की तिन्ही देश थोडे थोडे बघू?

पाऊलवाट

काप. एकच देश, आणि मधल्या किनाऱ्यापासून सुरुवात कर. हनोईला उतरायचं असेल तर तिथे चार दिवस, मग सरळ हुए. लाओसमध्ये २०२१ च्या डिसेंबरपासून व्हिएनतियान ते लुआंग प्राबांग रेल्वे आहे, ती कुठे पळून जात नाही.

ताकतुंबा

२८ सप्टेंबर फोनवर सांगितलं की लेखी दिलं? नवं पत्र हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नकोस.

उंबरठा

फोनवरच सांगितलं होतं. आज सकाळी मेल टाकून लेखी मागितलंय. अजून आलेलं नाही. तिकिटाचं पान उघडून बसलेय, बटण दाबलेलं नाही.