पोस्टडॉक फेलोशिप: नकार मिळालेला प्रत्येक अर्ज कच्चाच असतो का?

नेरूळकर
काल या समूहात एका सदस्याने लिहिले, "चांगल्या अर्जाला नकार मिळत नाही, रडणाऱ्यांनी आधी प्रपोजल लिहायला शिकावे." हे वाक्य मला फार लागले, म्हणून सविस्तर लिहितो. युरोपातील मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपसाठी, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करण्यासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी, २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले आणि १,६९६ जणांची निवड झाली. २०२५ मध्ये अर्ज १७,०५८ झाले, निधी मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. पंगत वाढली आणि पाने तेवढीच राहिली, तर उपाशी उठणाऱ्याला जेवता येत नव्हते असे कसे म्हणता येईल? दुसऱ्या एका योजनेत माझ्या अर्जाला शंभरपैकी ९१ गुण होते, तरी नकार आला. परीक्षकांनी दाखवलेल्या दोन त्रुटींपैकी एकीचे उत्तर सातव्या पानावर स्पष्ट लिहिलेले होते.

ठाणे पश्चिम
वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. मेरी क्युरीच्या मूल्यमापनात संशोधनाच्या गुणवत्तेला ५० टक्के, त्यातून पुढे काय साधेल या परिणामाला ३० आणि कामाच्या आखणीला, म्हणजे अंमलबजावणीला, २० टक्के भार असतो, हे सर्वांसमोर आहे. तरीही आपली मुले पहिल्या भागात जीव ओततात आणि उरलेला अर्धा अर्ज शेवटच्या दोन रात्रींत उरकतात. मीही तेच केले आणि तीनदा नाकारला गेलो. चौथ्या वेळी तो अर्धा भाग नव्याने लिहिला, तेव्हा निवड झाली.

खारघरची संशोधिका
सर, तुम्ही दोघे गुणांवर वाद घालत आहात. मला तर रांगेतच उभे राहता आले नाही. आपल्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला वयाची अट ३५ वर्षे आहे, स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे. लग्न, मूल आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळत मी थीसिस सादर केला, तेव्हा एकोणचाळीस संपत आले होते. पुढे विद्यापीठात बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल येण्यास १४ महिने लागले आणि पदवी हाती नसल्यामुळे युरोपातील त्या वर्षीची फेरीही गेली. निदान तिथे पीएचडीनंतरची ८ वर्षे मोजतात आणि बाळंतपणाची रजा त्यातून वगळतात. आपल्याकडे जन्मतारीख मोजतात.

ठाणे पश्चिम
तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, परंतु मर्यादा कुठेतरी घालावीच लागते. ती काढली तर अर्ज आणखी वाढतील आणि निवडीच्या ज्या दराबद्दल ही चर्चा आहे, तोच आणखी खाली जाईल.

खारघरची संशोधिका
म्हणजे दर चांगला दिसावा म्हणून आम्हाला दारातच अडवायचे? माझे वय वाढले, माझा विषय शिळा झालेला नाही. मी आज तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवते, मे महिन्यात एक रुपया मिळत नाही, आणि तुम्ही मला मर्यादेची गरज समजावता!

ऐरोलीकर
ठाणेकर सर, एक विचारतो. चार अर्जांची ती वर्षे तुम्ही कशी काढलीत? तुम्हीच पूर्वी लिहिले होते की, तुम्ही नौपाड्यात आईवडिलांच्या घरी राहत होता. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या नकारानंतर औषध कंपनीत लागला, कारण घरभाडे थांबत नव्हते. त्याचा तिसरा अर्ज कसा झाला असता, हे आता कोणालाच कळणार नाही.

ठाणे पश्चिम
घरभाड्याचा मुद्दा मान्य करतो; तो मी विचारात घेतला नव्हता. पीएचडीनंतरची वर्षे मोजावीत, हेही मान्य. पण ९१ गुणांचा अर्ज ९५ वर नेता येतो, यावर मी ठाम आहे. मॅडम, तुमची ८ वर्षे अजून शिल्लक असतील, तर परिणाम आणि अंमलबजावणीचे भाग मला पाठवा, मी ओळ न ओळ वाचून देईन.

खारघरची संशोधिका
शिल्लक आहेत. रविवारी पाठवते. मात्र ते कालचे वाक्य अजून तसेच आहे, सर, आणि समूहातली पहिल्या वर्षाची मुले ते वाचत आहेत.