अर्धवट थांबलेल्या टॉवरचा आराखडा आता बदलत आहेत. संमतिपत्रावर सही करावी का?

लालबागकर:
नमस्कार. मध्य मुंबईत गिरणीच्या जागेवर उभ्या राहत असलेल्या एका आलिशान टॉवरमध्ये आम्ही २०१२ साली २२व्या मजल्यावर सदनिका घेतली. करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०१७ अशी होती. नियोजित ६२ मजल्यांपैकी ३१ मजल्यांचा सांगाडा झाला आणि २०१८ च्या पावसाळ्यानंतर काम बंद पडले. गेल्या वर्षी नवा विकासक आला, त्याने आर्किटेक्ट बदलला आणि आता सुधारित नकाशे आमच्यापुढे ठेवले आहेत. मोठ्या सदनिकांना गिऱ्हाईक नाही, म्हणून उंची ५२ मजल्यांवर आणायची आणि न विकलेल्या सदनिका दुभागायच्या, असे त्याचे म्हणणे आहे. आमच्या मजल्यावरची शेजारची सदनिका दुभागली की तिच्या नव्या स्वयंपाकघरासाठी आमच्या भिंतीलगत डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) येईल आणि आमचा कार्पेट एरिया १,५४० वरून १,४६५ चौरस फूट होईल.

संमतिपत्रात ‘पुढील सर्व बदलांना माझी मान्यता राहील’ असे एक वाक्य आहे, ताब्याची तारीख डिसेंबर २०२९ अशी लिहिली आहे आणि सहीसाठी एकवीस दिवसांची मुदत आहे. सही नाकारली तर काम पुन्हा रखडेल, अशी भीती घरात सगळ्यांना वाटते. माझे वडील याच भागातल्या गिरणीत कामाला होते, त्यामुळे या घरात आमचा जीव अडकला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पायाभरणी:
लालबागकर साहेब, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि थांबलेल्या इमारतींची तपासणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. मधेच आराखडा बदलणे यात गैर काही नाही. वरळीच्या वर्ल्ड वनची उंची सुरुवातीला ४४२ मीटर योजली होती; विमानतळ प्राधिकरणाची परवानगी न मिळाल्याने ती सुमारे २८० मीटरवर आणावी लागली. शिकागोत वॉटरव्ह्यू नावाचा ९० मजली टॉवर २००८ मध्ये २६ मजल्यांवर थांबला होता. पुढे नव्या विकासकाने त्याच सांगाड्यावर ६० मजली भाड्याच्या घरांची इमारत २०१४ मध्ये पूर्ण केली. तेव्हा नकाशा बदलला म्हणून घाबरू नका. उभा असलेला सांगाडा नवा नकाशा पेलू शकतो की नाही, हे कोणी आणि कसे तपासले, ते मात्र विचाराच.

पाया ६२ मजल्यांच्या हिशेबाने घातलेला असेल, तर ५२ मजल्यांचा उभा भार त्याला सहसा जड जात नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. ३१व्या मजल्याच्या कॉलममधून पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळ्या इतके पावसाळे खाऱ्या हवेत उघड्या आहेत. वरवरचा तांबडा गंज तारेच्या ब्रशने निघतो, पण सळईचे पापुद्रे सुटू लागले असतील तर तिचा व्यास कमी झालेला असतो आणि ती कापून नवी जोडावी लागते. खालच्या मजल्यांवर काँक्रीटचे कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, काढून ताकद पाहावी लागते आणि कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचे सळीला गंजापासून असलेले संरक्षण जाणे) किती खोल गेले आहे तेही मोजावे लागते, कारण आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किनारपट्टीच्या हवेत सळीवर किमान ४५ मिलिमीटर आवरण अपेक्षित आहे आणि प्रत्यक्ष कामात ते जागोजागी कमी भरते.

आता तुमच्या डक्टविषयी. स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा असेल, तर त्याच्या पोटात ताणलेल्या केबल आहेत. स्कॅन न करता तिथे भोक पाडताना एक केबल तुटली, तरी त्या पट्ट्यातल्या स्लॅबची ताकद घटते. २२व्या मजल्यावरचे डक्ट म्हणजे खालपासून वरपर्यंत प्रत्येक स्लॅबला पाडलेले भोक, हे ध्यानात घ्या. शिवाय भूकंपासाठीची आयएस १८९३ ही संहिता २०१६ मध्ये सुधारली गेली आणि उंच इमारतींसाठीची आयएस १६७०० ही २०१७ मध्ये आली. तुमचा सांगाडा मुळात त्याआधीच्या नियमांनी आखलेला असणार. तो नव्या संहितांना धरून पुन्हा तपासला आहे का आणि उंची बदलल्यावर वाऱ्याची चाचणी पुन्हा केली आहे का, हे लेखी मागा. तो अहवाल हातात येईपर्यंत सही करू नका.

समितीची सेक्रेटरी:
वरील सल्ल्याला कायद्याची जोड देते. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि संमतिपत्रे त्या मुद्दाम एकत्र करतात. संपूर्ण इमारतीचा नकाशा किंवा सामाईक जागा बदलायच्या असतील, तर विकासक सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी पूर्वसंमती लागते आणि एकाने चार सदनिका घेतल्या असल्या तरी त्याचे मत एकच धरले जाते. मात्र तुमच्या स्वतःच्या सदनिकेत बदल करायला तुमचीच संमती लागते. इतरांचे बहुमत तिथे चालत नाही. म्हणून उंचीसाठीची संमती आणि डक्टसाठीची संमती असे दोन स्वतंत्र कागद मागा.

‘पुढील सर्व बदलांना मान्यता’ हे वाक्य खोडूनच टाका. अशी सरसकट संमती पुरेशी नाही, खरेदीदाराला नेमका बदल सांगून संमती घेतली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने मोफा या महाराष्ट्राच्या जुन्या सदनिका कायद्याच्या संदर्भात मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तारखेबाबत तर फार जपा. रेराच्या कलम १८ नुसार उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज तुम्हाला मिळू शकते आणि ते करारातल्या तारखेपासून मोजले जाते. तुम्ही २०२९ ही तारीख निमूटपणे स्वीकारलीत, तर आधीच्या सगळ्या वर्षांच्या व्याजावर पाणी सोडल्याचा युक्तिवाद उद्या तुमच्यासमोर उभा राहील. ‘कलम १८ खालील माझे हक्क अबाधित ठेवून’ ही ओळ स्वतःच्या हाताने लिहा. आमच्या इमारतीतल्या अकरा कुटुंबांनी ती लिहिली नव्हती आणि त्यांचा दावा अजून अडकून पडला आहे.

चौथी लिफ्ट:
आमच्या टॉवरमध्ये असाच बदल झाला आणि २०२१ मध्ये आम्ही राहायला आलो. घरे दुप्पट झाली, पण लिफ्टचे शाफ्ट आधीच ओतलेले असल्यामुळे लिफ्ट तेवढ्याच राहिल्या. सकाळी शाळेच्या वेळी २८व्या मजल्यावर मी मुलीचे दप्तर घेऊन बारा-तेरा मिनिटे उभी असते. पाण्याची टाकी, पार्किंग आणि आश्रय मजल्यावरची (आगीच्या वेळी थांबण्यासाठीची) जागा यांचा हिशेब नव्या घरसंख्येने केला आहे का, हे आत्ताच विचारा. इमारत उभी राहिल्यावर यातले काहीच वाढवता येत नाही.

लालबागकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल समितीतले आम्ही सहा जण साइट इंजिनिअरसोबत ३१व्या मजल्यावर जाऊन आलो. नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या कॉलमच्या सळीला मी हात लावला, तर नखाएवढा पापुद्रा बोटाशी आला. त्या कोपऱ्यातले कोअर काढले आहेत का, असे विचारल्यावर ‘अहवाल तयार होतो आहे’ एवढेच उत्तर मिळाले. अहवाल मिळाल्यापासून एकवीस दिवस मोजावेत आणि दोन स्वतंत्र संमतिपत्रे द्यावीत, असे पत्र आज ४३ खरेदीदारांच्या सह्यांनिशी दिले आहे. लिफ्टचा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता. तो त्या पत्रात शेवटी हाताने लिहून जोडला.