मदत हवी आहे: माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर भूकंपासाठी कुणाकडून तपासून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. 2024 मध्ये मार्चला आणि जुलैला 4.5 चे धक्के बसले तेव्हापासून आजी घरात झोपायला तयार नाही. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की भागतं, पण पावसाळ्यात ओसरीच्या कडेला बसून रात्र काढते. भांडं वाजलं तरी दचकून उठते. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात तिथली जवळची माणसं गेली. तिला "काही होत नाही" म्हणायची माझी हिंमत होत नाही, कारण तिची भीती खरी आहे. किल्लारीत माणसं गेली ती अशाच घरांखाली.

भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद. एका खोलीत भिंतीचा बाहेरचा थर फुगलाय. वर माळवद, त्यावर दरवर्षी टाकलेल्या मातीचा भला मोठा थर. पडवीच्या पत्र्यांवरचे दगड मात्र आम्ही लगेच उतरवले.

माळवदाची माती कमी केली तर भार हलका होईल का? भिंतीत आरपार दगड किंवा वरून सिमेंटचा पट्टा घालून कुणी घर मजबूत केलंय का? खर्च किती आला, आणि असं काम जाणणारा इंजिनिअर नांदेड-परभणीकडे कुणाला माहीत आहे का?

लातूर-धाराशिवकडच्यांनो, तुमच्या घरातली म्हातारी माणसं पुन्हा आत झोपायला कशी लागली तेही सांगा. पावसाळ्याआधी काम उरकायचंय.