बायबलमधल्या योनाच्या पुस्तकावरचा उपदेश : किस्से आणि विनोद हवेत की नकोत?

मोहरीदाणा : योनाचे अध्याय चारच, आणि उपदेशातला निम्मा वेळ योनाला गिळणारा मासाच घेतो. उरलेल्यात चर्चच्या पाळकांच्या प्रवासातला गमतीदार किस्सा. मंडळी हसते, चौथा अध्याय राहूनच जातो. वीस मिनिटांच्या संदेशात स्वतःचे किस्से नकोतच. घरी जाताना लोकांना किस्सा आठवतो, वचन नाही.

ओवीकार : अगदी नकोतच? फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराणात बायबलची कथा ओव्यांत आणली, ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केलं. गोष्ट सांगून शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. चुकतो तो क्रम. कीर्तनात आधी अभंग उलगडतात, आख्यान उत्तररंगात. इथे किस्सा आधी आणि मग त्याला शोभेल असं वचन शोधायचं!

तिसरा_बाक : हसू बाहेरून आणायचंच कशाला? देव योनाला संदेश द्यायला निनवे शहरी पाठवतो, हा उलट दिशेच्या तार्शीशच्या गलबतात चढतो. वादळात परधर्मी खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात आणि संदेष्टा खाली झोपलेला (१:५, म्हणजे अध्याय १, वचन ५). निनवेत तर गुरांनाही गोणपाट नेसवतात (३:८). सगळं शहर पश्चात्ताप करतं, देव माफ करतो आणि उपदेशकच रुसून बसतो! ३:८ वाचून जरा थांबा, लोक आपसूक हसतील. घाईघाईने वाचलंत की गेलं.

मोहरीदाणा : आणि योनाचा विदूषक झाला. निनवे अश्शूरचं शहर. त्याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेचं राज्य बुडवलं. हे न सांगता हसवलंत तर त्याचा राग पोरकट वाटतो, ऐकणाराही सुटतो.

ओवीकार : म्हणूनच किस्सा तिथे बसतो : माफी मिळू नये असं आपल्याला कुणाबद्दल वाटतं? पथ्यं मात्र हवीत. सांगणारा स्वतः नायक नको. घरच्यांची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय नको. लहान मंडळीत नाव गाळलं तरी माणूस ओळखू येतो, तेव्हा तिथली भांडणं वर्ज्य. लिहून झाल्यावर किस्सा खोडून बघा. अर्थ कोसळला तर उपदेश किस्स्यावरच होता.

तिसरा_बाक : मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय १८ मध्ये, येशूचा माफीचा दाखला आहे. तिथे तर किस्साही नको, हिशेब मोठ्याने करा. चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत साधारण सहा हजार दिनार, दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. झाली सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाख वर्षांहून जास्त! आणि हा गृहस्थ म्हणतो, थांबा, सगळं फेडतो. राजा सगळं माफ करतो. बाहेर पडून मग शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उलट सुईच्या नेढ्याचं बघा : श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे येशूचं वचन. यरुशलेमेत ‘सुई’ नावाचा बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून आत जाई, ही कथा अजून सांगतात. असल्या दरवाजाचा पुरावा नाही, आणि उंट आत गेला की वचनातली धारच गेली.

मोहरीदाणा : दरवाजाबद्दल एकमत, हिशेबही मान्य. पण योनावर बोलताना आधी ४:११ पर्यंत वाचा : एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं, यांची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर पुस्तकात नाही. एवढं वाचल्यावर किस्सा सांगा, तोही एका मिनिटात.

ओवीकार : दोन.