मदत हवी आहे : तलाव बंद, कंत्राटी जीवरक्षकांच्या पगाराचं काय?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ महापालिकेच्या जलतरण तलावावर जीवरक्षक आहे, ठेकेदारामार्फत. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीमुळे तलाव बंद झाले, उन्हाळी शिबिरांचा हंगामच बुडाला. कायम कर्मचाऱ्यांना क्वारंटाइन सेंटरची ड्युटी लागली, त्यांचा पगार चालू राहिला. कंत्राटी पोरांना मात्र एप्रिलपासून दमडी नाही. ठेकेदार म्हणतो पालिकेने बिल अडवलं. पालिका म्हणते तलाव बंद, तर बिल कसलं? (प्रथमोपचार येणारी धडधाकट पोरं घरी बसवायची आणि कोविडच्या सर्वेक्षणाला माणसं नाहीत म्हणायचं, हे मला कळत नाही.)

केंद्राच्या २९ मार्चच्या आदेशात टाळेबंदीत पगार कापू नका असं होतं. तो १८ मेपासून मागे घेतला. निदान तोवरचा पगार मागता येईल का? तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१(४) प्रमाणे ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने (ज्याच्यासाठी ठेकेदार माणसं पुरवतो त्याने) द्यायची होती. इथे मूळ मालक पालिकाच ना?

अर्ज आधी कुठे करू, पालिका आयुक्तांकडे की सहायक कामगार आयुक्तांकडे? आणि तुमच्या शहरात कंत्राटी क्रीडा कर्मचाऱ्यांना कोविडच्या कामावर घेतलं असेल, तर त्या आदेशाची प्रत कोणी पाठवेल का?