कळा खऱ्या की खोट्या, आणि घरून निघायचे केव्हा?

पहिलटकरीण

नमस्कार. मला ३८ आठवडे पूर्ण होऊन ३ दिवस झाले आहेत. ही माझी पहिलीच खेप असून बाळंतपणासाठी मी देवरूखजवळच्या एका खेड्यात माहेरी आले आहे. नाव रत्नागिरीच्या रुग्णालयात नोंदवले आहे आणि पावसाळी रस्त्याने तिथे पोहोचायला सव्वा ते दीड तास लागतो.

परवा रात्री दीडच्या सुमारास पोट वारंवार घट्ट होऊ लागले आणि ओटीपोटात दुखू लागले, म्हणून बाबांनी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली व आम्ही भर पावसात निघालो. तपासणीनंतर ‘गर्भपिशवीचे तोंड जेमतेम एक बोट उघडले आहे, या खऱ्या कळा नाहीत’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले, आणि सकाळचा चहा होईपर्यंत दुखणे पूर्ण थांबले होते. आता पुन्हा दुखले तर सगळ्यांना उठवावे की नाही, याचाच संकोच वाटू लागला आहे. आई म्हणते की कळा आल्या की आपोआप कळते; आजी म्हणते की पहिलटकरणीला दोन दिवस लागतात, घाई करू नये. या दोन्हींपैकी कशावर विसंबावे? इतक्या अंतरावरून नेमके केव्हा निघावे?

दोन लेकरांची आई

सर्वप्रथम तो संकोच मनातून काढून टाका, कारण असे परत येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही आणि प्रसूतिगृहातील कोणालाही त्याचे नवल वाटत नाही.

‘आपोआप कळते’ हे माझ्या बाबतीत तरी खरे ठरले नाही. पहिल्या वेळी माझ्या पोटात दुखलेच नाही. कंबरेतून एक ओढ यायची, मांड्यांपर्यंत उतरायची आणि जायची. आदल्या दिवशी बराच वेळ उभे राहून काम केले होते, त्यामुळे मी ते कंबर भरल्याचे दुखणे समजून शेक घेत बसले. सासूबाईंच्या मात्र लक्षात आले की मी बोलता बोलता ठरावीक वेळाने गप्प होते. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने वेळा लिहायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत वीस मिनिटांचे अंतर बारा मिनिटांवर आलेले कागदावर स्पष्ट दिसू लागले. बाळ दुसऱ्या दिवशी पहाटे झाले. दुसऱ्या खेपेला सकाळी सातला पोट बिघडल्यासारखे दोन-तीनदा शौचाला झाले, आठ वाजता कळा सुरू झाल्या आणि साडेदहाच्या आत मुलगी झाली. म्हणून माझ्याही अनुभवावर विसंबू नका, वेळा लिहा.

निवृत्त परिचारिका

प्रसूतिकक्षात बरीच वर्षे काम केल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

खोट्या कळा म्हणजे कल्पनेतल्या कळा नव्हेत. गर्भाशयाचा स्नायू खरोखरच आवळतो; जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्या कळांना मिळाले आहे. फरक इतकाच की त्या आवळण्याने पिशवीचे तोंड फारसे उघडत नाही. पाणी कमी प्यायले गेले, लघवी तुंबून राहिली किंवा दिवसभर दगदग झाली की त्या वाढतात. त्यामुळे पुन्हा दुखू लागल्यास आधी लघवीला जाऊन या, दोन ग्लास पाणी प्या आणि डाव्या कुशीवर तासभर पडून राहा. मात्र त्या तासात वेळा लिहिणे सुरू ठेवा. खोट्या कळा बहुधा विरत जातात, तर खऱ्या कळा विश्रांतीने किंवा चालण्याने थांबत नाहीत.

एकेका कळेला ‘ही खरी की खोटी’ असे विचारण्यात अर्थ नसतो. कळांचा क्रम कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहायचे असते. अंतर कमी होते आहे का, प्रत्येक कळ अधिक वेळ टिकते आहे का, जोर वाढतो आहे का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. अंतर मोजताना बऱ्याच जणी चुकतात, कारण त्या एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजतात. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतची मिनिटे मोजावीत. जोर ओळखण्यासाठी आम्हाला शिकवलेली एक खूण सांगते: आईने तुमच्या पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवावा, ते नाकाच्या शेंड्याइतके लागले तर कळ सौम्य, हनुवटीइतके लागले तर मध्यम आणि कपाळाइतके कडक लागले तर जोराची. जोराच्या कळेत बाईला वाक्य पूर्ण करता येत नाही.

पहिलटकरणीसाठी सर्वसाधारण नियम असा सांगतात की कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी सुमारे एक मिनिट टिकणाऱ्या, आणि हे तासभर चालू असेल तर निघावे. परंतु हा नियम रुग्णालय जवळ असणाऱ्यांचा आहे. तुमचा रस्ता दीड तासाचा असल्याने कळा नियमितपणे दहा मिनिटांवर आल्या आणि वाढत आहेत असे दिसले की निघा, आणि निघण्यापूर्वी फोन करा. तुमच्या आजींचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण पहिल्या खेपेत सुरुवातीचा संथ टप्पा बारा-पंधरा तास किंवा त्याहून अधिकही चालू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींनुसार तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरच वेगाचा टप्पा सुरू झाला असे मानतात. तुम्हाला एक बोटावर, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरवर, घरी पाठवले, त्यामागे हेच कारण असावे.

आता ज्या गोष्टींसाठी तासभरसुद्धा थांबायचे नाही, त्या सांगते. पाणी (बाळाभोवतीचे गर्भजल) गेले, मग कळा असोत वा नसोत. त्या पाण्याला हिरवट किंवा तपकिरी झाक असेल तर अधिकच तातडीने, कारण बाळाने आत शी केल्याची ती खूण असते. पाळीसारखे लाल रक्त जाऊ लागले; पोट दगडासारखे होऊन मध्ये सैलच पडेनासे झाले; डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या आल्या, अथवा बरगडीखाली जोरात दुखू लागले. आणि बाळाची हालचाल मंदावली. दिवस भरले की जागा नसल्यामुळे बाळ कमी हलते, हा समज मी असंख्य घरांत ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार थोडा बदलतो, पण कळा सुरू झाल्यावरही बाळ हलत राहते. शंका आल्यास डाव्या कुशीवर पडून मोजा, दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर निघा. हालचाल थांबल्यासारखीच वाटली, तर ते दोन तासही थांबू नका.

याउलट चिकट, शेंबडासारखा, किंचित गुलाबी स्राव दिसला तर घाबरू नका. पिशवीच्या तोंडाशी असलेला तो बुच निघून आल्यानंतर काही तासांत कळा सुरू होऊ शकतात किंवा काही दिवसही लागू शकतात. परवाच्या आतील तपासणीमुळेही एखादा डाग दिसू शकतो.

जुनी जाणती

आमच्या वेळी नववा सरत आला की दोन चमचे एरंडेल दुधातून देत असत, त्याने कळा मोकळ्या होत. माझी तिन्ही बाळंतपणे घरीच सुईणीच्या हातून झाली. तूही घेऊन पाहा, म्हणजे रात्री-अपरात्रीची धावपळ टळेल.

निवृत्त परिचारिका

आजी, आपल्या अनुभवाचा मान राखून सांगते, एरंडेल अजिबात घेऊ नये. त्याने जुलाब व उलट्या होऊन अंगातील पाणी कमी होते आणि ऐन वेळी लागणारी शक्ती आधीच खर्ची पडते. शिवाय आतडी पिळवटू लागल्यावर कोणती कळ कशाची हे ओळखणे आणखी अवघड होईल, आणि इथे मूळ अडचण तीच आहे. ३८व्या आठवड्यात सर्व काही सुरळीत असताना कळा ओढून आणण्याचे कारणही नाही.

कोकणी बाबा

मी पुरुष असल्याने लक्षणांविषयी बोलत नाही, फक्त वाहनाविषयी लिहितो. शेजाऱ्यांच्या एका गाडीवर अवलंबून राहू नका. दुसऱ्या चालकाचा क्रमांकही लिहून ठेवा. महाराष्ट्रात १०८ ही तातडीची रुग्णवाहिका आहे आणि गरोदर मातांना शासकीय रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी १०२ची विनामूल्य सेवा आहे, पण पावसात मोबाइलची रेंज जाते, म्हणून आशाताईंना आजच घर दाखवून ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद आणि सोनोग्राफीचे अहवाल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. आमचे अहवाल भिजले होते. रत्नागिरीत कोणी नातलग असल्यास शेवटचे आठ-दहा दिवस तिकडे जाणे सर्वांत उत्तम. दुर्गम आदिवासी भागांतील काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ योजना याच विचाराने चालते.

पहिलटकरीण

सर्वांचे मनापासून आभार. काकू, एक विचारायचे राहिले. आज सकाळपासून दोनदा कपडे ओलसर लागले, पण खोकल्यावर लघवीही सुटते आहे. चित्रपटात दाखवतात तसे पाणी काही गेलेले नाही. फरक कसा ओळखावा?

निवृत्त परिचारिका

धो-धो पाणी जाईलच असे नाही. बाळाभोवतीची पाण्याची पिशवी वरच्या बाजूला फाटली तर थेंबथेंबही झिरपते. लघवी करून या, स्वच्छ कोरडे पांढरे पॅड लावा आणि अर्धा तास आडव्या पडा. उठून उभे राहताच पॅड भिजले, आणि त्याला लघवीचा वास नसून रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असेल, तर ते गर्भजल समजून निघा. गाडीत डाव्या कुशीवर झोपून जा. पाणी गेल्यावर जितका वेळ जातो तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून कळांची वाट पाहू नये. पॅड कोरडे राहिले तरी आज रुग्णालयाला फोन करून हे सांगाच, कारण घरच्या घरी ठरवण्याला मर्यादा आहे.

पहिलटकरीण

पॅड कोरडे राहिले आणि बाळ नेहमीसारखे हलते आहे. फोन केला असता डॉक्टरांनी तरीही दुपारी तपासणीसाठी बोलावले आहे. बाबांनी गाडी सांगितली असून मी पिशवी सोबत घेऊनच निघत आहे. तपासणी ठीक आली तर तिथूनच शहरातल्या मावशीकडे राहायला जाईन. आजीने डिंकाच्या लाडवांचा डबाही आत्ताच बांधून दिला आहे, तो कशासाठी हे विचारायचे धाडस मात्र कोणी केले नाही.